वाटून घेतलेली वाट

जबलपूर हे मुळातच पाळीचे गाव. तोफगाड्यांचा कारखाना 1904 सालचा, खमरियाचा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, वाहनांचा त्याही नंतरचा. या कारखान्यांच्या भोंग्यांनी येथील दोन-तीन पिढ्यांचा दिवस आखून दिला. भोंगा झाला की सायकलींचा एक लोंढा फाटकाबाहेर पडे आणि दुसरा आत शिरे. एकाने अर्ध्यावर सोडलेले काम दुसऱ्याने त्याच यंत्रावर उचलावयाचे आणि तयार वस्तूवर दोघांपैकी कोणाचेच नाव नसावयाचे, ही गोष्ट या गावाला शिकवावी लागली नाही. त्याही आधी, मार्च 1870 मध्ये, मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादेकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग येथेच एकमेकांस मिळाले होते. मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग वस्तुतः दोन कंपन्यांनी वाटून घेतलेला होता. सांधा जबलपुरास होता.

असे असूनही, एखाद्या सत्कार्याच्या निधीसाठी निघालेल्या लांब पल्ल्याच्या सायकल-मोहिमेत येथला कोणी चाळिशीतला प्राध्यापक किंवा कारखान्यातला फोरमन रिले चमूचा चौथा गडी म्हणून नाव घालतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो तो हिशेबाचा. येथील जुन्या मराठी घरांच्या बोलीत हिंदीने भोसल्यांच्या अमदानीपासून बिनभाड्याचे बिऱ्हाड थाटले आहे. त्या बोलीत गृहिणी विचारते, ‘अहो, पूर्ण तर चौघांनी केलं. तुमची तर चौथाईच ना?’ (चौथाईवर मराठ्यांनी एके काळी केवढे राज्य चालविले, हे उत्तर तिला पटण्यासारखे नसते.) प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो रस्ता आपण अंगाने काटलाच नाही, तो आपण पुरा केला असे म्हणण्याचा अधिकार माणसास कोठून येतो?

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. 2015 साली ते दोघांचा चमू करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून अटलांटिकच्या बाजूच्या अनॅपोलिसपर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर अंतर, आणि चमूंना मुदत नऊ दिवसांची. ती मुदत संपण्यापूर्वी ते पोहोचले. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय चमू ठरला. आदिवासींच्या नेत्रोपचाराचे कार्य लोकांपुढे आणणे हा त्यांच्या मोहिमेचा हेतू होता.

अशा शर्यतीत रस्त्यावर एका वेळी एकच गडी असतो. बदलीचा नियम मोठा सूचक आहे. येणाऱ्याचे पुढचे चाक आणि निघणाऱ्याचे मागचे चाक क्षणभर एकमेकांशेजारी आले पाहिजे. तेवढे झाले की पाळी बदलली. धावण्याच्या शर्यतीतल्याप्रमाणे हातात देण्यासारखी काठी नाही, जुन्या डाकेच्या हरकाऱ्याजवळ असे तशी थैलीही नाही. द्यावयाचा असतो तो केवळ पुढचा रस्ता.

आणि जो रस्ता देऊन बसला त्याचे काय? या प्रकारातील खरी कसोटी त्याची असते, असे म्हणावयास हरकत नाही. तो गाडीत आडवा होतो. पाय विझलेले असतात, पण डोळा लागत नाही. बाहेर अंधारात दुसरा चढ चढतो आहे, त्याला आपण साहाय्य करू शकत नाही. इतकेच नव्हे, साहाय्य न करणे, खाणे आणि झोपणे हेच या घटकेस आपले कर्तव्य आहे, हे शरीराला पटवून द्यावे लागते. एकट्याने पल्ला मारणाऱ्यास स्वतःच्या दुबळेपणाशी झगडावे लागते. चमूतल्यास दुसऱ्याचा दुबळेपणा सोसावा लागतो, आणि त्याहून अवघड म्हणजे आपला दुबळेपणा दुसऱ्याच्या खाती जमा होताना पाहावा लागतो. आपण चढावर गमावलेली दहा मिनिटे भाऊ पहाटे भरून काढणार आहे, हे जाणून झोपणे सोपे नव्हे.

राहिला सत्कार्याचा भाग. अमेरिकेच्या वाळवंटात गाळलेल्या घामाने एखाद्या पाड्यावरच्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू निघत नाही, हा आक्षेप खराच आहे. तो काढतो शल्यवैद्य, आणि म्हाताऱ्यास हाताला धरून घरी नेतो त्याचा नातू. सायकलस्वार फार तर चार माणसांना खिशात हात घालावयास लावतो. पण या साखळीत देणगी देणाऱ्याने तरी संपूर्ण वाट कोठे पाहिलेली असते? बाबा आमट्यांनी डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा नेली, तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसणेही शक्य नव्हते. ते गाडीत आडवे असत आणि पायडल मारीत ती शंभरावर तरुण-तरुणींची तुकडी. ती यात्रा बाबांची नव्हे, असे कोणी म्हटलेले नाही.

मात्र जबलपूरकर याला एक पक्का प्रतिवाद करू शकतो, आणि तो ग्वारीघाटावर उभा राहून करतो. नर्मदेच्या परिक्रमेत पाळी नसते. नदी उजव्या हाताला ठेवावयाची, पात्र ओलांडावयाचे नाही, आणि एकासाठी दुसऱ्याने चाललेले चालत नाही. परंपरेने सांगितलेली तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस ही मुदतही ज्याची त्याने भरावयाची. या काठावर वाढलेल्या माणसाला रिले म्हणजे पुण्यातली पळवाट वाटावी, यात नवल नाही.

पण याच शहरातील अमृतलाल वेगड चालले ते निराळ्या रीतीने. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले हे चित्रकार-लेखक येथे कलेचे अध्यापन करीत. 1977 साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नर्मदाकाठाने निघाले. नोकरी होती, संसार होता. सलग चालणे शक्य नव्हते. म्हणून सुट्टी मिळेल तेव्हा निघावयाचे, थोडी वाट चालून परतावयाचे. खंड-परिक्रमेची रीत अशी की, जेथे पाऊल थांबले तेथूनच पुढचे उचलावयाचे. मधल्या काळात सोबती बदलत. विद्यार्थ्यांची शिक्षणे होऊन ते पांगले, पुढे पत्नी बरोबर चालू लागली, नदीवर बर्गीचे धरण झाले आणि काठाची कित्येक गावे पाण्याखाली गेली. पहिल्या खेपेच्या काळ्या केसांच्या वेगडांनी सोडलेली वाट उचलावयास पांढऱ्या केसांचे वेगड येत, आणि आधी चालून गेलेल्या त्या माणसावर त्यांना भरवसा ठेवावा लागे.