मुक्काम पोस्ट १९२.१६८.१.१०

सरकारी अर्जातला 'कायमचा पत्ता' हा रकाना भरताना कोकणी माणसाला विचार करावा लागत नाही. 'सध्याचा पत्ता' लिहिताना पेन अडखळते, कारण परळची चाळ सुटलेली असते, बिऱ्हाड विरारला गेलेले असते आणि तिथेही अकरा महिन्यांचा करार असतो. कायमच्या पत्त्यापुढे मात्र मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा रत्नागिरी हे शब्द आपोआप उमटतात. त्या घरात गणपतीचे पाच दिवस सोडले तर एरवी दिवाही लागत नसेल. पण त्याने काही बिघडत नाही. माणूस जिथे राहतो ती जागा म्हणजे त्याचा कायमचा पत्ता नव्हे. त्याला शोधायचे झाले तर शेवटी जिथे चौकशी करावी, ती जागा म्हणजे कायमचा पत्ता.

संगणकांच्या जाळ्यात ज्याला स्टॅटिक आयपी, म्हणजे स्थिर पत्ता, म्हणतात त्याची कल्पना हीच आहे. बाकीच्या यंत्रांना राउटर तात्पुरते पत्ते वाटत असतो. आज एक, उद्या दुसरा. पण ज्याच्याकडे सगळ्यांनी जायचे त्या यंत्राचा, म्हणजे सर्व्हरचा, पत्ता बदलून चालत नाही. तो हाताने लिहून पक्का करावा लागतो. ही साधी गोष्ट मला नीट कळली ती गणपतीपुळ्याच्या एका छोट्या कार्यालयात. तिथे देव म्हणजे डोंगरच आहे आणि प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या डोंगराला घालावी लागते. इतका स्थिर पत्ता दुसऱ्या कोणाचा असेल असे वाटत नाही. असो.

कार्यालय म्हणजे पाच टेबले, एक प्रिंटर, दाराशी आणि आवारात कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, आणि कपाटात ठेवलेला एक पडदा नसलेला साधा संगणक. लिनक्सवर चालणाऱ्या त्या संगणकाला सगळे आदराने 'सर्व्हर' म्हणत. त्यावर जमाखर्च होता, पावत्या होत्या, आणि माझा त्या जागेशी संबंध आला ते कारणही तिथेच होते: जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे. गणपतीपुळे, मालगुंड आणि आसपासच्या वाड्यांतल्या वृद्ध स्त्रियांकडून आमच्या विद्यार्थ्यांनी ती गोळा केली होती. त्या स्त्रियांपैकी काहीजणी आता हयात नाहीत. मुद्रणांची दुसरी प्रत काही जुन्या सीडींवर होती. पण समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत सीडीचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, ते त्या प्रतीवर विसंबणार नाहीत.

२०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या विजांत जुना राउटर जळाला. एका तंत्रज्ञाने नवा बसवून दिला. त्यानंतर महिनाभरात एक विचित्र तक्रार सुरू झाली. हिशेबाच्या टेबलावर सर्व्हर दिसायचा, शेजारच्या टेबलावर दिसायचा नाही. तासाभराने उलट. कधी सगळ्यांना दिसे, आणि लाईट जाऊन आले की पुन्हा दोन-तीन टेबले आंधळी होत. ओव्यांचे लिप्यंतर करणारी विद्यार्थिनी एकच कडवे तीन-तीनदा ऐके आणि चौथ्यांदा ऐकायला जावे तर मुद्रणच नाहीसे. तंत्रज्ञाला पुन्हा बोलावले. त्याने सर्व्हर जुना झाला आहे असे निदान केले आणि तो पुसून नव्याने मांडावा असा उपाय सुचवला.

'पुसून नव्याने' हे शब्द ऐकून मी त्यात लक्ष घातले. मराठी शिकवणाऱ्याने केबलींना हात का लावावा, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर होता. पण वस्तू नाहीशी होणे आणि वस्तू न सापडणे यांतला फरक साहित्याच्या माणसाला ठाऊक असावा लागतो. चुकीच्या बासनात बांधलेले हस्तलिखित ग्रंथालयातच असते. फक्त सूचीतून त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. म्हणून ग्रंथालय कोणी जाळत नाही.

अशा शोधाची एक रीत आहे आणि ती जवळून लांब जाते. आधी केबलीच्या टोकाशी दिवा लुकलुकतो की नाही ते पाहावे. मग आपल्या यंत्राला स्वतःचा पत्ता मिळाला आहे का, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला पत्ता देणारे कोणी भेटलेले नाही आणि त्याने स्वतःच काहीतरी ठरवून घेतले आहे. मग राउटरला हाक मारावी, मग सर्व्हरला. ही हाक मारणाऱ्या आज्ञेचे नाव 'पिंग'. माईक म्यूस या अमेरिकन गृहस्थाने १९८३ च्या डिसेंबरात ती लिहिली, तीही अशाच एका न सुटणाऱ्या जोडणीचा त्रास हुडकताना. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याने हे नाव घेतले. आवाज टाकायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची, एवढेच ती करते.

आमच्या सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.१०. या पत्त्याबद्दल थोडे सांगायला हवे. आयपी पत्त्यांची जी जुनी, आजही वापरात असलेली पद्धत आहे तिच्यात एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आले, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपलेही. दरम्यान १९९६ साली काही पत्ते 'खासगी' म्हणून पक्के करण्यात आले होते. ते कोणीही आपल्या घरात वापरावेत. उंबऱ्याबाहेर त्यांना अर्थ नाही. म्हणून १९२.१६८.१.१० हा पत्ता गणपतीपुळ्यात आहे तसा गुहागरातही आहे आणि टोकियोतही. कोकणात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी प्रत्येक गावात असतात. गावात कोणाला 'वरच्या वाडीत' म्हटले की पुरते. मुंबईच्या पोस्टात तेवढ्यावर पत्र टाकले तर ते कुठेही पोचणार नाही.

पोस्टाची ही अडचण ज्यांनी सोडवली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी आणि नाटककार होते, याची आठवण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ठेवायला हरकत नाही. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्यांतले पत्ते, यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी सहा अंकी पिनकोडची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. गणपतीपुळ्याला ४१५६१५ हा आकडा तेव्हाच्या त्या रचनेतूनच मिळाला. छंदातल्या मात्रा मोजणाऱ्या माणसाला सहा अंकांत देश बसवावासा वाटावा यात मला तरी नवल वाटत नाही.

तर पिंग केले. उत्तर आले. पण त्याच क्षणी सर्व्हर उघडायला जावे तर उघडेना. घरातून 'ओ' येते आणि दार कोणी उघडत नाही, असा प्रकार. तेव्हा मी कपाट उघडले आणि सर्व्हरची केबल काढून हातात घेतली. आता त्या पत्त्यावर कोणीच नव्हते; निदान नसायला हवे होते. पुन्हा पिंग केले. उत्तर आलेच.

म्हणजे त्या पत्त्यावर दुसरे कोणीतरी राहत होते.

ते कोण, हे शोधण्याचा मार्ग असा की प्रत्येक यंत्राला आयपी पत्त्याखेरीज कारखान्यातून मिळालेली एक ओळख असते, गोत्रासारखी, आणि तिच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. (अलीकडचे मोबाईल ही ओळख मुद्दाम बदलत राहतात, त्यांचे गोत्र विचारून उपयोग नाही.) 'अमुक पत्ता कोणाचा?' असे एखादे यंत्र जाळ्यात ओरडून विचारते आणि ज्याचा असेल तो आपली ओळख सांगतो. आर्प नावाची ही रीत १९८२ सालची आहे, आणि तिच्यात खरेखोटे पडताळण्याची सोय नाही. जो उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा. टेबलावरच्या संगणकाने टिपून ठेवलेली ओळख पाहिली. ती कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीची होती.

पुढचे सगळे उलगडत गेले. जुना राउटर १०० च्या पुढचेच पत्ते वाटत असे; खालचे पत्ते हाताने द्यायला राखून ठेवलेले होते. तशी यादी एका माजी कारकुनाने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीही होती. नव्या राउटरला २ पासून २५४ पर्यंत सगळे आवार मोकळे होते. लाईट जाऊन आले की रेकॉर्डर चटकन उठे. सर्व्हरला जागे व्हायला वेळ लागे. एकदा असेच झाले असताना रेकॉर्डरने पत्ता मागितला, दहा नंबर रिकामा दिसला, राउटरने देऊन टाकला. पुढच्या वेळी रेकॉर्डर जुनाच पत्ता पुन्हा मागून घेऊ लागला. मागून सर्व्हर उठे आणि आपल्या हक्काच्या घरात शिरे. मग 'दहा नंबर कोण?' असे विचारले की दोघेही 'मी' म्हणत, आणि ज्या टेबलाला ज्याचे उत्तर पटले ते टेबल थोडा वेळ त्याच्याकडे जाई. यात कोणी खोटे बोलत नव्हते. एकाकडे वडिलार्जित घर होते, दुसऱ्याकडे भाडेपावती. सर्व्हरला पडदा असता तरी लिनक्सने त्यावर ठळक सूचना दिली असती याची खात्री नाही. तो अशा वेळी मुकाट असतो.

दुरुस्तीला पंधरा मिनिटे लागली. राउटरने १०० ते २०० एवढेच पत्ते वाटावेत असे ठरवून दिले, रेकॉर्डर बंद करून चालू केला, त्याला १०३ मिळाला. यादी नव्याने लिहून पुन्हा दाराला लावली. त्या संध्याकाळी पहिले काम ओव्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचे केले.

या निमित्ताने ओव्यांच्या नोंदवहीकडे मात्र नव्याने पाहावे लागले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या संगणकात सूचीबद्ध केल्या. त्यांच्या कामाचे मोल ओव्या जमवण्याइतकेच त्या सापडतील अशा ठेवण्यातही आहे. आमच्या वहीत 'गाव' असा एकच रकाना होता आणि त्यात सर्रास गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे अशी नावे भरलेली होती. ही झाली ध्वनिमुद्रणाची जागा, म्हणजे सध्याचा पत्ता. ओवी बाईने इथे रचली किंवा ऐकली असे त्यावरून ठरत नाही. बाई लग्न होऊन सासरी येते तेव्हा ओव्या माहेरहून घेऊन येते, आणि जात्यावर बसल्यावर सासूच्या, जावेच्या ओव्या त्यांत मिसळतात. 'मालगुंडची ओवी' असे आपण लेखात बिनदिक्कत लिहितो ते रेकॉर्डरला सर्व्हर म्हणण्यासारखे आहे.

लेखकाच्या बाबतीत हा प्रश्न आपण निराळ्या रीतीने मिटवतो. केशवसुत मालगुंडला जन्मले. पण पुणे, मुंबई, खानदेशातले फैजपूर, धारवाड अशी त्यांची वाट होती आणि १९०५ साली ते हुबळीला प्लेगने गेले. हयातीत त्यांचा संग्रहही निघाला नाही. कविता नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. तरी त्यांचे स्मारक मालगुंडला आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यांना शोधत येणारा माणूस तिथे येतो. ओवी गाणाऱ्या बाईला असे स्मारक नाही. तिचे नावही अनेकदा वहीत 'अमक्याची आई' असेच आहे.

आम्ही वहीत आणखी दोन रकाने वाढवले: 'माहेर' आणि 'ओवी कोणाकडून शिकली'. विद्यार्थी पुन्हा वाड्यांवर जाऊ लागले. ज्या बाया गेल्या त्यांच्या नोंदींपुढे जागा कोरीच आहे; शेजारणींना विचारून ती अंदाजाने भरू नये असे मी सांगितले आहे, आणि यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. भरलेल्या रकान्यांत आतापर्यंत संगमेश्वर, लांजा आणि राजापूर तालुक्यांतली गावे आली आहेत, आणि एकदा घाट ओलांडून थेट गगनबावडा.