टचपॅडची निगा

पडद्यावरचा बाण उड्या मारू लागला की वयस्कर माणूस प्रथम स्वतःच्या हातालाच दोष देतो. मुरबाडच्या आमच्या आत्याबाईंनी याच समजुतीने लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला आणि परगावच्या नातवाशी होणारे बोलणे महिनाभर थांबले. ‘हात थरथरतो, आता हे जमायचे नाही,’ एवढेच त्या म्हणत. प्रत्यक्षात टचपॅडवर खोबरेलाचा थर बसला होता.

बोटाच्या स्पर्शाने होणारा सूक्ष्म विद्युत बदल टचपॅड टिपत असतो. मध्ये तेल, घाम वा ओल आली की त्याचा गोंधळ उडतो. शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात, जिथे कपडेही चार-चार दिवस वाळत नाहीत, ओल ती किती टाळणार?

पुसण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, यंत्र थंड होऊ द्यावे. चष्म्याचे मऊ फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळावे, हलक्या हाताने फिरवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. चिकटपणा उरलाच, तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब फडक्यावर घ्यावेत. यंत्रावर कदापि नाही, कारण कडेच्या फटीतून द्रव आत झिरपतो. हे अल्कोहोल पेट घेते, तेव्हा देवघरातील समईपासून दूरच बसावे. हाताच्या सॅनिटायझरमधील ग्लिसरीन पुन्हा चिकट थर सोडते. नखांचा रंग काढण्याचे द्रावण तर प्लास्टिकच खराब करते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एवढे अवश्य पाहावे : टचपॅड स्वच्छ होऊनही बाण स्थिर राहत नसेल आणि चहाची बशीही हातात हिंदकळत असेल, तर ती तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालावी.