कोरलेलं नाव

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी नाहीतर बुधवारी चक्कर झाली की गंजके पाने आणि फुटक्या चष्म्यांच्या ढिगात माझी नजर पेनं शोधत असते. निब शाबूत हवी आणि पेनाला तडा नको. बाकी सगळं जमतं.

वाळलेली शाई गार पाण्यात हळूहळू सुटते. घाई करून गरम पाणी वापरलं, तर एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो. आपली जुनी ड्रॉपरने भरायची पेनं तशी सोपी. लिव्हरवाल्यात मात्र रबराची पिशवी असते, ती कडक होऊन तुटलेली. तुकडे कोरून काढायचे आणि नवी पिशवी लाखेने चिकटवायची.

खरा पेच पॉलिशच्या वेळी. पूर्वी दुकानदार पेनावर गिऱ्हाईकाचं नाव कोरून द्यायचे. जास्त घासलं की पेन नव्यासारखं चमकतं, पण नाव जातं. संग्राहक म्हणतात, नावामुळे किंमत उतरते. उतरू दे. कुणीतरी हौसेने कोरून घेतलेलं नाव, त्याच्या घरच्यांनी रद्दीत दिलं म्हणून मी कोण पुसणार?

परवाच्या पेनावर 'वि. ग.' एवढंच वाचता येतं. निबही त्यांच्याच हाताने तिरकी झिजलेली. माझ्या हातात खरखरत होती, म्हणून पेन जरा फिरवून धरते. आता छान चालतं.

आत्या, यंदा दिवाळीचं पत्र याच पेनाने येईल. अक्षर वेगळं वाटलं तर समजून घे, निम्मं विगंचं आहे!