न उघडलेली नडगी

ऑपरेशननंतरचा एक्स-रे पाहून दादा अस्वस्थ झाला. प्लेट होती, वर-खाली स्क्रू होते, पण मोडलेल्या जागी एकही स्क्रू नव्हता आणि तुकड्यांमधल्या फटी तशाच दिसत होत्या. "अहो डॉक्टर, हाड जोडलंय कुठे?"

माझी नडगी घोट्याच्या थोडी वर मोडली होती, तीही चुरा होऊन. तिथे आतल्या बाजूला हाडावर नुसती कातडी असते. सुजलेल्या कातडीला मोठा छेद दिला तर जखम उकलते, म्हणून पाय उंच ठेवून आधी सूज उतरू दिली. डॉक्टर रोज येऊन कातडीवर सुरकुत्या पडू लागल्या का, ते बघत.

भूल पाठीतून दिलेली, त्यामुळे मी जागी होते. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर प्लेट दिसत होती. घोट्याजवळच्या छोट्या छेदातून ती कातडीखालून वर सरकत गेली, परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तशी. सारं काम पडद्यावर बघून, म्हणून सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन.

डॉक्टरांनी दादाला बसवून समजावलं. हाडाला त्याच्यावरच्या पातळ आवरणातूनही रक्त मिळतं. एकेक तुकडा जुळवायला गेलं की ते आवरण सोललं जातं. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या सर्जनांच्या गटाने तुकडे तंतोतंत जुळवून आवळायची शिस्त लावली. फ्रॅक्चर सांध्यात शिरलं असेल तर ती आजही पाळावीच लागते. पण माझ्यासारख्या चुऱ्यात हाडाची लांबी, सरळपणा आणि पीळ बरोबर आला की पुरतं. 1990च्या दशकात जर्मनीतल्या क्रेटेक यांच्यासारख्या सर्जनांनी मोडलेली जागा न उघडण्याची ही बंद पद्धत पुढे नेली. पुढे आलेल्या लॉकिंग स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी बसतं, त्यामुळे प्लेट हाडावर दाबावी लागत नाही. फटीत साकळलेलं रक्त काढायचं नाही, नवं हाड तिथूनच धरतं.

हातात हत्यारं असताना मोडलेल्या जागेला हात न लावणं मला फार मोठं वाटतं. भेटायला येणारे मात्र टाके बघून म्हणत, "एवढंसंच? मग आठवड्यात चालशील!" छेद लहान म्हणून हाड लवकर जुळतं असं नाही, हे मी प्रत्येकाला सांगत राहिले.

पुढच्या एका एक्स-रेत फटींभोवती धुरकट पांढरं काहीतरी दिसलं. "कॅलस! नवं हाड धरतंय!" डॉक्टर खुशीत म्हणाले. मग घरी वजनकाट्यावर तो पाय टेकवून वीस किलोपर्यंतच भार द्यायचा सराव सुरू झाला. काटा वाचायला दादा समोर बसायचा.