निळ्या गोळ्या

खेळातली उत्तेजक द्रव्यं म्हटलं की आमच्या वयाच्या लोकांना हमखास बेन जॉन्सन आठवतो. १९८८ चं सोल ऑलिंपिक, १०० मीटर ९.७९ सेकंदांत, आणि तीन दिवसांत सुवर्णपदक परत! पण तो २६ वर्षांचा बाप्या होता, आपण काय घेतोय हे त्याला ठाऊक होतं. माझी लेक पोहायला लागल्यापासून मला तो नाही, पूर्व जर्मनीच्या मुली आठवतात.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या पोहण्याच्या १३ पैकी ११ शर्यती त्यांनी जिंकल्या. त्यांचे आवाज एवढे घोगरे कसे, असं कुणी विचारलं तेव्हा ‘आम्ही पोहायला आलोय, गायला नाही’ असं उत्तर मिळालं म्हणतात. अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने उघड शंका घेतली, तर तिच्याच देशातल्या पत्रकारांनी तिला रडकी ठरवलं.

बर्लिनची भिंत पडली आणि कागदपत्रं बाहेर आली. १९७४ पासून ही चक्क सरकारी योजना होती. ओरल-ट्युरिनाबोल नावाच्या निळ्या गोळ्या प्रशिक्षक आणि डॉक्टर स्वतः मुलींच्या हातावर ठेवत. व्हिटॅमिन आहे म्हणत. असायचं मात्र पुरुषी संप्रेरकासारखं काम करणारं औषध. घरी बोलायचं नाही, अशी ताकीद. रिका रायनिशने १९८० मध्ये मॉस्कोत पंधराव्या वर्षी तीन सुवर्णपदकं मिळवली. पुढे बीजांडकोशाच्या दुखण्याने तिचं पोहणंच सुटलं. २००० साली क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर हॉपनर बर्लिनच्या कोर्टात दोषी ठरले, पण शिक्षा निलंबित. तुरुंगात कुणीच गेलं नाही. हे मला अजून पचत नाही.

गेल्या मे महिन्यात लेक शिबिराहून परतली, तर बॅगेत एक डबी. लेबल नाही. ‘सरांनी दिल्यात, ताकदीच्या,’ म्हणाली. वय वर्षं चौदा. माझे आजोबा आखाड्यात जायचे. त्यांचा खुराक म्हणजे दूध, बदाम, तूप. अख्ख्या घराला दिसायचा, महिन्याच्या खर्चात तर फारच दिसायचा! मी सरांना फोन केला. ‘अहो मॅडम, सगळेच घेतात,’ एवढंच म्हणाले. म्हटलं, औषधाचं नाव तेवढं लिहून पाठवा. ते काही आलं नाही. डबी मी कपाटात कुलपात ठेवली. लेक दोन दिवस बोलली नाही. निवड हातची जाईल, ही तिची भीती. आणि ती खोटी होती असं मी तरी कसं म्हणू?

नियम कडक आहे. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, हा प्रश्न नंतरचा. २०१९ मध्ये पृथ्वी शॉचा नमुना आपल्याच इंदुरात घेतला होता. त्यात टर्ब्युटालिन निघालं, खोकल्याच्या औषधातलं, आणि आठ महिन्यांची बंदी आली. तेव्हापासून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलो की ‘मुलगी स्पर्धेत उतरते’ हे मी आधी सांगते.

लेकीच्या गटातल्या बाकी पाच मुलींच्या घरीही मी फोन केले. तिघींच्या आयांना डबीचा पत्ताच नव्हता.