मग पार्ट टू?

वाशी, रविवार रात्र.

नातवासोबत मॉलमध्ये सुपरहिरोंचा सिनेमा पाहिला. अडीच तास शहरं कोसळत होती. पॉपकॉर्नचे पैसे ऐकून मी कोसळायचा तेवढा राहिलो.

घरी येऊन १९५३चा ‘रोमन हॉलिडे’ लावला. धोबीतलावचं मेट्रो आठवलं. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने १९३८मध्ये बांधलेलं थिएटर. पडद्यावर एमजीएमच्या सिंहाने डरकाळी फोडली की बाबा कानात म्हणायचे, “आता गप्प.” इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण चेहरे कळायचे. आज चेहऱ्यावर कॅमेरा टिकतोच कुठे?

शेवटी ग्रेगरी पेक खिशात हात घालून त्या भल्यामोठ्या दालनातून एकटाच सावकाश चालत येतो. ऑड्री हेपबर्न केव्हाच आत गेलेली.

“लग्न नाही झालं?” नातू.

“नाही रे.”

“मग पार्ट टू कधी आला?”