आधी तार, मग पहारा

निकाहाच्या दावतीत बायका एकत्र बसल्या की आम्हा दोघींना एक प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही नणंद-भावजय कॉम्प्युटरवर नक्की करता तरी काय?" धाकटी सांगते, "नेटवर्क सिक्युरिटी." कुणीतरी म्हणतं, "म्हणजे ते हॅकिंग?" मग थोरली समजावते, "अहो, राखण करतो आम्ही. आंब्याच्या बागेला राखणदार असतो ना, तसं." आमच्या रत्नागिरीकडच्या बायकांना हे लगेच पटतं. राखणदार काही रोज चोर पकडत नाही. पण बागेत कुठून वाट फुटते, कुंपण कुठे ढिलं झालंय, रात्री कुत्रं कुठल्या बाजूला भुंकतं, हे त्याला ठाऊक असतं.

अलीकडे मात्र प्रश्न बदलला आहे. "आमच्या पोरीला हे शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?" असं आया विचारतात. याचं उत्तर दावतीत उभ्या-उभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो. आम्ही काही या विषयातल्या उस्ताद नाही. या कामात पाय ठेवून दोघींना जेमतेम दोन वर्षं झाली आहेत. पण आमच्या चुका अजून ताज्या आहेत, आणि नव्याने येणाऱ्याला त्यांचाच उपयोग जास्त.

सुरुवात झाली ती अब्बांच्या फोनपासून. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी त्यांना मेसेज आला, 'मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल.' खाली नंबर होता. अब्बांनी फोन केला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, एक ॲप घ्यायला लावलं, फक्त १० रुपये भरा म्हणाला. त्या ॲपमधून अब्बांच्या फोनचा पडदा त्याला दिसत होता. तीन हप्त्यांत ८६ हजार रुपये गेले. अम्मी-अब्बांनी उमराहसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.

१९३० या नंबरवर आम्ही त्याच रात्री तक्रार नोंदवली. त्यामुळे १९ हजार वाटेत अडवले गेले आणि पुढे परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले. पण पैशांपेक्षा अब्बांचं गप्प होणं आम्हाला जास्त लागलं. "कुणाला सांगू नका," एवढंच ते म्हणाले. उभं आयुष्य मुलांना शहाणं करण्यात घालवलेला माणूस अनोळखी नंबर वाजला की फोन उलटा करून ठेवू लागला.

धाकटी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. थोरलीने लग्नाआधी बी.एस्सी. आयटी केलं होतं, पण नंतर सात वर्षं आणि दोन मुलं यांत ते कागद कपाटातच राहिले. भाईजान कतारला. रात्री मुलं झोपली की आम्ही दोघी एका लॅपटॉपसमोर बसायचो आणि बोलायचो, हे असं कसं झालं? कुणी अडवू शकलं असतं का? त्यातूनच हे शिकायचं ठरलं.

पहिली चूक पैशांची. शहरातल्या एका क्लासच्या जाहिरातीत टोपडं घातलेला मुलगा आणि 'सहा महिन्यांत हॅकर बना, नोकरीची हमी' असा मजकूर होता. फी ६० हजार. भाईजाननी निम्मी पाठवली. तिथे पहिल्याच आठवड्यात पासवर्ड फोडण्याची साधनं हातात दिली. अमुक बटण दाबा, तमुक आज्ञा टाका. पडद्यावर हिरवी अक्षरं धावायची आणि आम्हाला वाटायचं, आलंच की! दोन महिन्यांनी थोरलीने सरांना विचारलं, "आपल्या घरातल्या राउटरचा पत्ता १९२.१६८ नेच का सुरू होतो?" सर म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही." त्या दिवशी आम्ही उरलेली फी भरायची नाही असं ठरवलं. (ज्यांना उत्तर हवं असेल त्यांच्यासाठी : ते पत्ते घर-कचेरीच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणून तुमच्या घरी आणि आमच्या घरी एकच पत्ता असू शकतो.)

दुसरी चूक त्याहून मोठी. क्लासमध्ये शिकलेलं 'एनमॅप' धाकटीने कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालवून पाहिलं. कुठल्या संगणकाची कुठली दारं उघडी आहेत हे ते साधन शोधतं. हेतू वाईट नव्हता, निव्वळ हौस. पण तिथल्या माणसाच्या ते लक्षात आलं आणि विभागप्रमुखांनी अब्बांना बोलावून घेतलं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून आहे. अप्रामाणिक हेतूने, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलं, तर त्यातल्या कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. माफीनाम्यावर निभावलं. घरी येताना रिक्षात अब्बा बऱ्याच दिवसांनी दोन वाक्यं सलग बोलले : "दार उघडं दिसलं म्हणून कुणी घरात शिरतं का? आधी सलाम करायचा, आतून जवाब आला तरच पाऊल टाकायचं. लहानपणी शिकवलं होतं ना?" पुढे नोकरीच्या कागदांवर हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत वाचायला मिळाली. कोणतं यंत्र, किती दिवस, कुणाच्या लेखी परवानगीने तपासायचं, हे आधी ठरल्याशिवाय या कामात कुणी कळफलकाला हात लावत नाही.

मग आम्ही मुळापासून सुरुवात केली. गल्लीत इंटरनेटची जोडणी देणारे एक चाचा आहेत. त्यांना थोरलीने गळ घातली, "चाचा, आम्हाला तार जोडायला शिकवा." ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. त्यांचा क्रम त्यांनी पाढ्यासारखा पाठ करून घेतला : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आमची पहिली चार टोकं वाया गेली. पाचव्याला टेस्टरवरचे आठही दिवे ओळीने लागले, तेव्हा थोरलीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

जुना लॅपटॉप घेऊन त्यात ८ जीबी रॅम करून घेतली. व्हर्च्युअलबॉक्स टाकून एकाच यंत्रात तीन यंत्रं उभी केली. लिनक्स शिकलो. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं, त्यात कागदी होड्यांसारखी खोटी नेटवर्कं बांधली आणि मोडली. वायरशार्क लावून तारेतून काय वाहतं ते पाहिलं. स्वतःच बनवलेल्या साध्या पानावर धाकटीने पासवर्ड टाकला आणि तो थोरलीच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटला. तेच पान एचटीटीपीएसवर नेलं, तर नुसता अगम्य अक्षरांचा ढीग. पत्त्याशेजारच्या कुलपाचा अर्थ आम्हाला त्या रात्री कळला. आणि त्याची मर्यादाही कळली. कुलूप वाटेवरचा मजकूर झाकतं, पण पलीकडे बसलेला माणूस खरा की ठग, याची हमी देत नाही.

दोन संगणक बोलायला लागतात तेही मजेचं आहे. पहिला म्हणतो, "आहात का?" दुसरा म्हणतो, "आहे, आणि तुम्हाला ऐकू येतंय का?" पहिला म्हणतो, "येतंय." या तीन पावलांनंतरच कामाचं बोलणं सुरू होतं. कुणी नुसतंच "आहात का" असा हजारो वेळा पुकारा करून उत्तर घ्यायला फिरकलाच नाही, तर समोरचा संगणक वाट पाहून थकतो. हल्ल्याचा एक जुना प्रकार हाच. सरळ व्यवहार कळला, म्हणून वाकडा ओळखू आला.

फायरवॉलने मात्र रडवलं. त्यातले नियम बहुधा वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तिथेच निकाल लागतो. म्हणून आधी परवानगीचे नियम लिहितात आणि अगदी शेवटी 'बाकी सगळं बंद'. थोरलीने तो शेवटचा नियम चुकून पहिला लिहिला. सगळंच ठप्प. तीन तास आम्ही तार तपासली, राउटर बंद-चालू केला, एकमेकींवर चिडलोसुद्धा. फजरच्या सुमारास चूक सापडली. तो नियम आता आम्ही झोपेतही विसरणार नाही.

या सगळ्याला वर्ष गेलं. नोकरी मागायला गेलो तेव्हा धाकटीला अनुभव विचारला आणि थोरलीला मधली सात वर्षं. किती ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, ते मोजणं आम्ही सोडून दिलं होतं. शेवटी पुण्यातल्या एका मुलाखतीत धाकटीला एकच प्रश्न विचारला : "ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की पुढे काय होतं?" नावाचा आकडी पत्ता कोण सांगतो, राउटर पुढे कुठे पाठवतो, ती तीन पावलं, मग ४४३ क्रमांकाच्या दारावरची किल्ल्यांची देवाणघेवाण, असं ती वीस मिनिटं बोलत राहिली. हॅकिंगबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. ती निवडली गेली.

आता घरात वाद सुरू झाला. पहारा चोवीस तासांचा, म्हणजे रात्रपाळी आलीच. अम्मी म्हणाल्या, "लग्नाची मुलगी रात्री कामाला जाणार? लोक काय म्हणतील?" भाईजानही फोनवर कां-कूं करू लागले. थोरलीने अम्मींना एवढंच विचारलं, "हॉस्पिटलातली नर्स रात्री नसती, तर माझी बाळंतपणं कुणी केली असती?" अम्मी लगेच मानल्या नाहीत. कोंढव्याच्या खालाकडे राहायचं, कंपनीची गाडी दारातून नेणार-आणणार, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचार करायचा, या अटींवर होकार आला. पगार महिना बावीस हजार. पोस्टरवाल्या क्लासने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही.

कामही पोस्टरसारखं नाही. एका पाळीत शेकडो इशारे पडद्यावर येतात आणि त्यांतले बहुतेक निरर्थक निघतात. पासवर्ड विसरलेला कर्मचारी, नवा प्रिंटर, कुणाचा तरी फोन. प्रत्येक इशारा पाहायचा, लिहायचा, बंद करायचा. कंटाळा हाच यातला मोठा शत्रू. गेल्या रमजानमध्ये सहरीचा डबा उघडता-उघडता धाकटीला दिसलं, एकाच माणसाचं खातं संध्याकाळी पुण्यातून उघडलं गेलं होतं आणि तासाभरात दुसऱ्या खंडातून. असेल काहीतरी, म्हणून तिने ते बंद करायला घेतलं होतं. शेजारच्या वरिष्ठ ताई म्हणाल्या, "अंदाज करू नकोस, विचार." फोन लावला तर तो माणूस गाढ झोपेत होता. आदल्या दिवशी एका खोट्या पानावर त्याने पासवर्ड टाकला होता. खातं तिथेच गोठवलं. खजूर तोंडात टाकला तेव्हा सहरी संपायला चार मिनिटं उरली होती.

थोरलीला चाचांच्या ओळखीने आमच्याच गावातल्या एका हॉस्पिटलात काम मिळालं, चाळीसेक संगणकांची देखभाल. पदाच्या नावात 'सिक्युरिटी' हा शब्दही नाही. पण २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या किड्याने ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचे संगणक कुलूपबंद केले, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या, हे तिने वाचलं होतं. ज्या फटीतून तो किडा शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. थोरलीने आल्या-आल्या यादी केली. अकरा संगणक विंडोज ७ वर, म्हणजे जानेवारी २०२० नंतर सर्वसाधारण दुरुस्ती बंद झालेले. नऊ बदलून घेतले. उरलेल्या दोघांवर एक्स-रेची यंत्रं चालतात, ती नव्या विंडोजवर चालत नाहीत. ते दोन तिने वेगळ्या कप्प्यात टाकले, बाहेरच्या इंटरनेटशी संबंध तोडला, आणि रोजच्या नोंदींची एक प्रत नेटवर्कपासून सुटी ठेवायला सुरुवात केली. रोग्यांचे कागद ही अमानत आहे, असं ती म्हणते.

तर, विचारणाऱ्या आयांना आमचं सांगणं एवढंच. पहिले चार-सहा महिने पोरीला फक्त नेटवर्क आणि लिनक्स शिकू द्या. एक जुना लॅपटॉप आणि घरचं इंटरनेट पुरतं. सगळे प्रयोग स्वतःच्या यंत्रांवरच. जे शिकली ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, मुलाखतीत तीच वही उपयोगी पडते. सीसीएनए किंवा सिक्युरिटी प्लस यांसारख्या परीक्षा पाया झाल्यावर द्याव्यात. त्या महाग आहेत आणि घाईने देऊन उपयोग नाही. नोकरीची हमी देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. आणि पहिली नोकरी केबल, प्रिंटर, हेल्पडेस्क यांची मिळाली तर कमीपणा मानू नका. बागेची राखण करायची तर आधी बाग पायाखालून गेलेली हवी.

अब्बांचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मोहल्ल्यात आणखी एका बुजुर्गांना तसाच विजेच्या बिलाचा मेसेज आला. ते फोन लावणार, तेवढ्यात अब्बा तिथे पोहोचले. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर ते मशिदीच्या पायरीवर चार माणसांना थांबवून आपली हकीकत सांगू लागले. ८६ हजारांचा आकडाही सांगितला, जो त्यांनी आम्हाला कुणापुढे काढू दिला नव्हता. चाराची पंचवीस माणसं झाली. १९३० हा नंबर त्यांनी प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतः लिहून दिला.

आता रविवारी आमच्या ओटीवर तीन मुली येतात. चाचांनी केबलचे उरलेले तुकडे दिले आहेत. अब्बा खुर्चीत बसून वर्गात घ्यायचे तसं म्हणून घेतात : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी...